डेट्रॉइटची नवी घरं आणि आतली कुलपं

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. थोडक्यात असा: "बुडालेलं शहर वर काढायचं तर घरं बांधत सुटा. अमेरिकेतलं डेट्रॉइट दिवाळखोरीत गेलं, पण त्या पट्ट्यात बांधकाम थांबलं नाही. मागणी होती म्हणूनच ना? नवी घरं झाली की पैसेवाले तिकडे जातात, त्यांची जुनी घरं गरिबांना स्वस्तात मिळतात. पैसा बिल्डरचा, सरकारचं काही जात नाही." वाचायला छान वाटतं, पण फार घातक आहे हे.

बांधकाम थांबलं नाही, हे खरंच आहे. पण ते झालं कुठे? वेन (डेट्रॉइट शहर यातच येतं), ओकलंड आणि मॅकोम्ब या शेजारच्या तीन काउंटींत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, मिळून १९७० साली सुमारे ४२ लाख माणसं होती. २०१० साली उरली ३८ लाख ६४ हजार. म्हणजे अख्ख्या पट्ट्यातली माणसं घटली. त्याच चाळीस वर्षांत ओकलंड ९ लाखांवरून १२ लाखांवर गेलं, मॅकोम्ब सव्वासहा लाखांवरून ८ लाख ४१ हजारांवर, आणि डेट्रॉइट शहर १५ लाखांवरून ७ लाख १४ हजारांवर आलं. कुटुंबं लहान होत गेली, त्यामुळे माणसं तेवढीच असली तरी घरं थोडी जास्त लागतात, हे मान्य. पण इथे माणसंच कमी होत होती. कडेला नवं घर उठलं की आत कुठल्यातरी दाराला कुलूप लागत होतं. एकट्या डेट्रॉइटचीच ही गोष्ट नाही. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या भागात १९८२ ते १९९७ या काळात लोकसंख्या वाढली २.६ टक्के आणि शहरी वस्तीखालची जमीन ३० टक्के. याला मागणी म्हणायचं की नुसतं पसरणं?

आता ते "जुनी घरं गरिबांना मिळतात." सगळ्यात जास्त पटतो तो हाच मुद्दा, आणि वाढत्या शहरात तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. आटत्या शहरात मात्र घराची किंमत इतकी पडते की नवं छप्पर घालायचा खर्च त्याहून जास्त होतो. मग मालक छप्पर घालत नाही. भाडेकरू निघून जातो. रिकाम्या घरातून आधी तांब्याचे पाइप जातात, चोर भिंत फोडून काढून नेतात. पाणी बंद करायचं राहिलं असेल तर हिवाळ्यात ते गोठतं आणि उरलेले नळ फुटतात. वसंतात छतातून पाणी झिरपतं, लाकडी जमीन फुगते. मग एखाद्या रात्री आग. शेजारचं घर अजून नांदतं असतं, पण आता त्यालाही गिऱ्हाईक मिळत नाही. तीन वर्षं घराचा कर थकला की मिशिगनच्या, म्हणजे डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्याच्या, कायद्याने काउंटी घर ताब्यात घेते. ५०० डॉलरपासून बोली सुरू झालेली घरं ती हीच. ती स्वस्त घरं म्हणून मिरवली जातात. पण त्यात राहण्याजोगं व्हायला किती हजार डॉलर घालावे लागतील, हे कोणी सांगत नाही. २०१४ साली शहरभर पाहणी झाली, तेव्हा ४० हजारांहून जास्त इमारती पाडण्याच्या लायकीच्या ठरल्या. गरिबांना "मिळालेली" घरं ती हीच का?

"सरकारचं काही जात नाही" हे तर साफ चूक. कडेच्या नव्या वसाहतीला रस्ता, मलवाहिनी, शाळा लागते. आणि शहराचं काय? साधारण ३६० चौरस किलोमीटरांत टाकलेल्या जुन्या वाहिन्या माणसं गेली म्हणून आखडत नाहीत. त्यांचा खर्च उरलेल्या निम्म्याहून कमी लोकांच्या माथी येतो. जुलै २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ८८ हजार पथदिव्यांपैकी जवळपास ४० टक्के बंद होते. संध्याकाळी मुलाला एकटं दुकानात पाठवायला घाबरणाऱ्या आईला विचारा, सरकारचं काय गेलं ते.

मग शहरात नवं घर बांधूच नये का? तसं मी म्हणत नाही. पण तिथल्या बऱ्याच वस्त्यांत नवं घर बांधायला जेवढे पैसे लागतात तेवढ्याला ते विकलंच जात नाही. बँक कर्ज देते ते घराच्या बाजारभावावर, खर्चावर नाही. मधली तूट करसवलतीने किंवा अनुदानाने भरावी लागते, म्हणजे पुन्हा लोकांच्याच पैशाने. ती भरायची असेल तर जिथे गल्ली अजून धरून आहे तिथे, दोन नांदत्या घरांमधल्या मोकळ्या प्लॉटवर भरावी. गावाबाहेरच्या शेतात नव्हे.

१९५७ नंतर पहिल्यांदा २०२३ मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या किंचित वाढल्याचा जनगणना विभागाचा अंदाज आला. तोवर शहराने हजारो पडकी घरं जमीनदोस्त केली होती. जी दुरुस्त होण्यासारखी होती ती लँड बँकेमार्फत, म्हणजे बेवारस घरं-जमिनी ताब्यात ठेवणाऱ्या सार्वजनिक संस्थेमार्फत, विकली, आणि अट घातली: सहा महिन्यांत राहण्याजोगं करा, नाहीतर घर परत जाईल. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी याच कामासाठी २५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. बेत असा की सुमारे ८ हजार घरं पाडायची आणि ८ हजार वाचवायची. फिरणाऱ्या त्या मजकुरात या १६ हजार घरांबद्दल एक शब्द नाही.