राक्षस तरी नीट लिहा की!

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून पाचशेची नोट मोडून परीकथेचा 'नवा अवतार' म्हणवणारी आणखी एक कादंबरी आणली. कव्हरवर सोनेरी वेल, पानांच्या कडा गुलाबी. आत तेच! नायिकेला भरतकामाचा तिटकारा, तलवार मात्र पहिल्याच दिवशी सफाईदार चालते. नायक गुरगुरतो, तिला कोंडतो, मनगट धरून भिंतीशी उभी करतो. आणि हे म्हणे प्रेम!

अहो, 1756 सालची फ्रेंच लेखिका बोमाँबाईंची सौंदर्यवती आणि राक्षसाची गोष्ट ('ब्यूटी अँड द बीस्ट' हो!) एकदा वाचा तरी. तिथला राक्षस रोज रात्री जेवणाच्या वेळी येतो, लग्न करशील का विचारतो, ती 'नाही' म्हणते, हा उसासा टाकून निघून जातो. जबरदस्ती नाही, आदळआपट नाही. आणि तिच्या बहिणी? ती निघताना रडू यावं म्हणून डोळ्यांना कांदा चोळतात! असा एक कांदा या चारशे पानांत दाखवा. बहिणींना तर बिचाऱ्यांना नावापलीकडे काही मिळतच नाही.

इतिहासाचं तर विचारूच नका. काळ नेपोलियनचा, बोलणं एफसी रोडवरच्या कॅफेतलं. गाऊनचं वर्णन तीन पानं, घोड्यांना दाणापाणी कोण देतं याचा पत्ता नाही.

बरं, गोष्ट संपते का? छे! ऐन लढाईत 'पुढील भागात'.

उद्या कोणीतरी चिऊ-काऊला हात घालेल. काऊ शापित सरदार, शेणाचं घर म्हणजे उद्ध्वस्त गढी, आणि चिऊ दार उघडायला तीन खंड लावणार.