चार्टर शाळा आणि सरकारी पैसा: बाईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार बाई,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुमचं म्हणणं असं, की अमेरिकेतल्या चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या) म्हणजे मागच्या दाराने आलेलं खासगीकरण, कोविडमध्ये या शाळांनी सरकारी मदत दोन्ही हातांनी लाटली, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवलेल्या तुम्हाला माझा लेख वाचून वाईट वाटलं.

दोन्ही हातांनी घेतल्याचा आरोप आधी घेते, कारण त्यात तथ्य आहे. २०२० मध्ये छोटे व्यवसाय आणि ना-नफा संस्थांना पगार चालू ठेवता यावेत म्हणून ‘पीपीपी’ कर्ज मिळत होतं, अटी पाळल्या की माफ होणारं. बहुतेक चार्टर शाळा ना-नफा संस्थांच्या, म्हणून त्या पात्र ठरल्या. शेजारची डिस्ट्रिक्टची, म्हणजे स्थानिक सरकारी शिक्षण मंडळाची, शाळा ठरली नाही. वर शाळांसाठीच्या केंद्रीय मदतनिधीत, म्हणजे ‘एसर’मध्ये, दोघांनाही वाटा होताच. ज्यांचं राज्याचं अनुदान चालूच होतं त्या चार्टर शाळांनी ते कर्ज घ्यायलाच नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

खासगीकरण मात्र मला मान्य नाही. मी कॅलिफोर्नियापुरतं बोलते. इथली चार्टर शाळा फी घेऊ शकत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना २०१९ पासून चार्टर शाळा चालवायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडची अनुदानित शाळा डोळ्यांपुढे आणा: चालवते संस्था, पैसा सरकारचा.

आता हजेरीचं सांगते, कारण मी इथल्या एका लहान चार्टर शाळेचे हिशेब पाहते आणि सगळं दुखणं तिथेच आहे. कॅलिफोर्नियात अनुदान पटावर मिळत नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतं. शाळेचे दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडवणारी मुलं २०१८-१९ मध्ये राज्यात सुमारे १२ टक्के होती, २०२१-२२ मध्ये ती ३० टक्क्यांवर गेली. मग २०२२ च्या अर्थसंकल्पात डिस्ट्रिक्टना सवलत मिळाली: चालू वर्षाची हजेरी, मागच्या वर्षाची, किंवा आधीच्या तीन वर्षांची सरासरी, यांतला जो आकडा मोठा तो धरायचा. वर्ग भरवणाऱ्या, म्हणजे ऑनलाइन नसलेल्या, चार्टर शाळांना असा दिलासा फक्त २०२१-२२ पुरता मिळाला. म्हणजे भाडं परवडेना म्हणून एखादं कुटुंब गाव सोडून गेलं की डिस्ट्रिक्टला सावरायला वेळ मिळतो, चार्टर शाळेचा पैसा त्याच वर्षी आटतो. आमच्या ऑफिसातली सेक्रेटरी रोज सकाळी गैरहजर मुलांच्या घरी फोन लावते, बहुतेक वेळा स्पॅनिशमध्ये. पलीकडून आई सांगते, मी कामावर आहे, धाकट्याला ताप आहे, मोठी त्याच्यापाशी बसलीय. सेक्रेटरी दोन्ही नावांपुढे खूण करते. ती खूण शेवटी माझ्या हिशेबात येते.

‘एसर’चा शेवटचा मोठा हप्ता ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच खर्ची टाकता येणार होता. समुपदेशक आणि वाचनात मागे पडलेल्या मुलांना घेऊन बसणाऱ्या शिक्षिका त्याच पैशावर होत्या. मुलं तितकीच मागे आहेत, पैसा संपला.

तुमच्या रागाचा खरा धनी वेगळा आहे. महामारीत कितीतरी पालक पूर्ण ऑनलाइन चार्टर शाळांकडे वळले. स्टॅनफर्डच्या ‘क्रेडो’ केंद्राचा २०२३ चा अहवाल, महामारीच्या आधीच्या आकड्यांवरचा, सांगतो की एकूण चार्टर विद्यार्थी वाचनात १६ दिवसांच्या शिकण्याइतके पुढे आहेत, ऑनलाइनवाले मात्र वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस मागे. कॅलिफोर्नियातल्या ‘ए-थ्री’ या ऑनलाइन साखळीच्या प्रमुखांनी २०२१ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. अशांना वर्ग भरवणाऱ्या शाळेच्या दराने एक डॉलरही देऊ नये.

आणि केंद्र सरकार काय करतंय? नव्या चार्टर शाळा उघडायला आणि आहेत त्या वाढवायला दिला जाणारा निधी २०२५ मध्ये ४४ कोटी डॉलरवरून ५० कोटींवर नेला. इथे मुलांची संख्याच घटतेय. नव्या इमारतींची घाई कशाला? डिस्ट्रिक्टला दिलेली तीन वर्षांच्या सरासरीची सवलत वर्ग भरवणाऱ्या चार्टर शाळांनाही द्या, ही माझी मागणी आहे. डिस्ट्रिक्टची काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. मूल गेलं तरी इमारत, बस आणि पेन्शनचा खर्च त्यांच्या माथी राहतोच, हा तुमचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो.