पळायचंच असेल तर सोपी जागा निवडतील ना!

तरुण मुलं वास्तवापासून पळण्यासाठी फँटसी, म्हणजे जादूच्या काल्पनिक जगातल्या, कादंबऱ्या वाचतात, असं एका लेखात वाचलं; ते काही पटलं नाही. या पुस्तकांत कोवळ्या पोरांच्या अंगावर जे येऊन पडतं ते पाहून मोठ्यांनाही घाम फुटेल. उर्सुला ले ग्विन यांची १९६८ची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घ्या. बरोबरीच्या विद्यार्थ्याशी ईर्ष्येला पेटून, निव्वळ घमेंडीपोटी तिचा नायक गेड, जादू शिकणारा कोवळा पोरगा, मेलेल्या स्त्रीला बोलावण्याचा मंत्र म्हणतो आणि एक काळी सावली मोकाट सुटते. तो तिच्यापासून जीव घेऊन पळत राहतो. मग पहिले गुरूच सांगतात, आता उलटा फिर, तूच तिच्या मागे लाग. शेवटी तो तिला हाक मारतो ती स्वतःच्याच नावाने. (ज्यांनी वाचलं नसेल त्यांची माफी, रहस्य फोडलं!) यात पळवाट कुठे आली?

जादू बहुतेकदा निमित्तमात्र असते. ओढ असते ती आपल्या निर्णयाने काही घडतं-बिघडतं याची. एरवी त्या वयात सगळं मोठेच ठरवतात. चाळिशीतले लोकही हीच पुस्तकं हौसेने वाचतात, त्याबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही. बाकी या कादंबऱ्यांतले ते प्रेमाचे त्रिकोण आता पुरे, एवढं त्या लेखातलं म्हणणं शंभर टक्के मान्य.