आधी कुठला सिनेमा, मग कुठला पडदा

२०२४च्या डिसेंबरात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे भांडण जुंपलं, ते अजून मिटलेलं नाही. क्रिस्टोफर नोलनच्या ‘इंटरस्टेलर’ला दहा वर्षं झाली म्हणून तो अमेरिकेत पुन्हा आयमॅक्समध्ये, म्हणजे अवाढव्य पडद्यावर, लागला. भारतात मात्र लागला नाही, कारण ५ डिसेंबरला आलेल्या ‘पुष्पा २’ने देशातले मोजकेच असलेले आयमॅक्स पडदे अडवून ठेवले होते. पुण्यातला भाचा खवळला. ‘पुष्पा’ कुठल्याही पडद्यावर चालतो, त्याला आयमॅक्स कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वडिलांचं, म्हणजे भावजींचं म्हणणं असं की ज्याला गर्दी त्याला पडदा. मल्टिप्लेक्सवाले काय धर्मादाय संस्था चालवतात? पुढे ७ फेब्रुवारी २०२५ला ‘इंटरस्टेलर’ भारतात आला, लोकांनी तो उचलून धरला, आणि आठवडाभरातच, १४ तारखेला ‘छावा’ आल्यावर त्याला जागा सोडावी लागली. तेव्हा भाच्याची खरी पंचाईत झाली. ‘छावा’ला मोठा पडदा कशाला, असं पुण्यात बसून कोण म्हणणार?

मी लंडनमध्ये राहते, त्यामुळे पंच म्हणून दोन्ही पक्षांनी मलाच नेमलं. ‘मावशी, तुला काय, तुमच्याकडे सगळं मिळतं,’ हे भाच्याचं पालुपद.

मिळतं, हे खरं आहे. वॉटर्लू स्टेशनजवळच्या बीएफआय (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) आयमॅक्सचा पडदा वीस मीटर उंच आणि सव्वीस मीटर रुंद आहे आणि तिथे ७० मिमी रुंद फिल्मचा प्रोजेक्टर अजून चालतो. सायन्स म्युझियममध्ये दुसरा आहे. २०२३च्या जुलैत नोलनचाच, अणुबॉम्बवरचा ‘ओपनहायमर’ आला, तेव्हा आयमॅक्स ७० मिमीच्या प्रती साऱ्या जगात तीसच चित्रपटगृहांत लागल्या होत्या. त्यांतली दोन लंडनमध्ये, एक मँचेस्टरमध्ये. भारतात एकही नाही. एकेका प्रतीची फिल्म सुमारे अठरा किलोमीटर लांब, वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास. ही फिल्म प्रोजेक्टरमधून आडवी सरकते आणि चित्र इतकं उंच दिसतं की मान वर करावी लागते. तेच चित्र डिजिटल आयमॅक्सवर वरून-खालून कापलं जातं, साध्या पडद्यावर आणखी कापलं जातं. एवढ्यापुरता भाचा बरोबर आहे: फरक असतो आणि तो डोळ्यांना कळतो.

तिकीट वीस-पंचवीस पौंडांचं. ते एक वेळ परवडतं. न परवडणारी गोष्ट म्हणजे तारीख. नोलनच्याच ‘द ओडिसी’च्या प्रदर्शनाची तारीख १७ जुलै २०२६ ठरली, आणि निवडक ७० मिमी चित्रपटगृहांतल्या पहिल्या खेळांची तिकिटं विक्रीला निघाली १७ जुलै २०२५ला. बरोबर वर्षभर आधी! ती बघता बघता संपली आणि मग ऑनलाइन चढ्या भावाने दिसू लागली. ‘दस का बीस’ करत थिएटरबाहेर उभा राहणारा ब्लॅकवाला इतिहासजमा झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते भाव बघायला हवे होते. आमच्या घरात पुढच्या महिन्यातलं शाळेचं गॅदरिंग आणि ऑफिसची शिफ्ट यांचं गणित जुळत नाही. पुढच्या वर्षीच्या जुलैत एका शुक्रवारी संध्याकाळी आपण कुठे असू, हे कोण छातीठोकपणे सांगणार?

म्हणून ‘ओपनहायमर’ मी पाहिला तो पहिली लाट ओसरल्यावर, आठवड्याच्या अधल्यामधल्या वारी, पण फिल्मवरच. थांबल्याने काही बिघडलं नाही. बॉम्ब फुटणार आहे हे सगळ्यांना ठाऊकच होतं. असे सिनेमे चित्रासाठी आणि आवाजासाठी पाहायचे असतात. त्यांना चांगला पडदा द्यावा, घाई देऊ नये.

‘छावा’चं गणित उलटं. तो पहिल्या शनिवारी पाहण्यात मजा होती, कारण शिवरायांचं नाव आलं की अख्खं थिएटर जयजयकार करत होतं, आणि हे लंडनच्या उपनगरात, जिथे एरवी शेजारचा माणूस पॉपकॉर्नसुद्धा आवाज न करता खातो. तिसऱ्या आठवड्यातल्या रिकाम्या हॉलमध्ये, मग तो पडदा कितीही मोठा असो, हे मिळालं नसतं. अशा गर्दीच्या खेळाला कोपऱ्यातली, शेवटून दुसऱ्या रांगेतली खुर्चीही चालते. २०२३च्या पावसाळ्यात ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा गावोगावच्या बायका साड्या नेसून, घोळक्याने, सकाळपासूनच्या खेळांना जाऊन बसल्या. प्रोजेक्टर टूके की फोरके, म्हणजे चित्र किती बारकाव्याचं, हे त्यांच्यातल्या कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्या सिनेमाचा फॉरमॅट म्हणजे शेजारी बसलेली बहीण.

भाचा हे ऐकत नाही, कारण त्याने अमेरिकन यूट्यूबरांकडून एक वाक्य उचललं आहे: ‘हा सिनेमा ७० मिमीवर पाहिला नाही तर पाहिलाच नाही.’ हे वाक्य लॉस एंजेलिसमधल्या माणसाने म्हटलं तर हौस. ज्या देशात ‘ओपनहायमर’ची तशी एकही प्रत लागली नाही तिथे तेच म्हणणं म्हणजे स्वतःलाच उगाच कमी लेखणं. २०१८मध्ये नोलन स्वतः मुंबईत आला होता, जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या कार्यक्रमाला, आणि मरीन लाइन्सच्या लिबर्टीत ‘इंटरस्टेलर’ दाखवला गेला तो ३५ मिमीवर, म्हणजे निम्म्या रुंदीच्या साध्या फिल्मवर. लिबर्टीसारख्या जुन्या थिएटरची बाल्कनी, प्रोजेक्टरचा नीट पेटलेला दिवा आणि नीट लावलेला आवाज यांत कुठे काही कमी नसतं. उलट, ‘ओपनहायमर’च्या वेळी लोअर परळच्या एका मल्टिप्लेक्समध्ये रिक्लायनरचा भाव अडीच हजारांच्या घरात गेला होता. एवढ्या पैशांत पडद्याचा आकार वाढत नाही, फक्त पाय लांब करता येतात.

तिकिटांच्या भावावर म्हणाल तर मी कर्नाटकच्या बाजूने नाही. तिथल्या सरकारने सप्टेंबर २०२५मध्ये दोनशे रुपयांची कमाल मर्यादा आणली आणि उच्च न्यायालयाने तिला लगेच स्थगिती दिली. सगळ्या खेळांना एकच भाव लावण्यापेक्षा मधल्या वारी स्वस्त करणं मला जास्त पटतं. इथे विम्याची तुलना करून देणारी एक वेबसाइट आहे. तिच्यामार्फत काही विकत घेतलं की मंगळवारी-बुधवारी एकावर एक तिकीट फुकट. विमा आणि सिनेमाचा काय संबंध ते मला आजवर कळलेलं नाही, पण मंगळवारी थिएटरात माणसं दिसतात.

मध्यंतराबद्दल तर हसूच येतं. तिकडे इंग्रजी सिनेमाला कुठेही, कधी कधी वाक्याच्या मधोमध, कापून समोसे विकायला काढतात, आणि त्याबद्दल सगळे कुरकुरतात. इकडे तीन-तीन तास उठायची सोय नाही, त्याबद्दल सगळे कुरकुरतात. २०२३मध्ये ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ला, साडेतीन तासांच्या आसपासच्या त्या सिनेमाला, इथल्या काही थिएटरांनी परस्पर मध्यंतर दिलं तर त्याची केवढी बातमी झाली; संकलक थेल्मा शूनमेकर यांनी जाहीर नापसंती दाखवली. मग ‘द ब्रुटलिस्ट’ आला, त्यात दिग्दर्शकाने स्वतःच पंधरा मिनिटांचं मध्यंतर ठेवलं होतं, आणि समीक्षकांनी त्याचं असं कौतुक केलं की जणू काही नवा शोधच लागला. आमच्या आजीला हे सांगायला हवं होतं.

काय पाहायला मिळतं यातही फरक आहे. ‘ओपनहायमर’ला भारतात यू/ए, म्हणजे आईबापांसोबत मुलांनाही चालणारं प्रमाणपत्र मिळालं, पण एका दृश्यात नायिकेच्या अंगावर संगणकाने काळा पोशाख चढवला गेला. इथे तो न कापता लागला, पण ‘१५’ या प्रमाणपत्रासह. आणि इथे पंधरा म्हणजे पंधराच. आईबाप सोबत असले तरी चौदा वर्षांच्या मुलाला आत सोडत नाहीत. म्हणजे तिकडे सगळं घर एकत्र बसणार पण कापलेला सिनेमा पाहणार, इकडे अख्खा सिनेमा पण मुलं घरी. मोठ्या पडद्यावर सहकुटुंब जायचं म्हणून आधीच तिकिटं काढून ठेवणाऱ्यांना दारात परत फिरताना मी पाहिलं आहे.

या सगळ्यात मराठी सिनेमा मात्र वेगळाच पडतो, कारण त्याच्याबाबतीत इथे निवड हा प्रश्नच येत नाही. हॅरो किंवा फेल्टमसारख्या उपनगरात रविवारी दुपारी एक खेळ लागतो. कुणीतरी ग्रुपवर टाकतं, चार दिवसांत खुर्च्या भराव्या लागतात, नाही भरल्या तर पुढचा सिनेमा येईलच असं नाही. कुठल्या फॉरमॅटमध्ये, हे कुणी विचारत नाही. मुलं इंग्रजी उपशीर्षकं वाचत विनोदाला आपल्याआधी हसतात. आणि तरीही आम्ही आयोजकांचे आभार मानतो, कारण मराठी माणसं इथे मूठभर आहेत आणि थिएटरने हे आमच्यासाठी करावं असा आमचा काही हक्क नाही.

पुण्यात, नाशकात, ठाण्यात तो हक्क आहे. आणि तिथेही मराठी सिनेमाला सकाळचा नाहीतर भरदुपारचा खेळ मिळतो, संध्याकाळ मोठ्या हिंदी आणि इंग्रजी सिनेमांकडे जाते, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. भाच्याला मी हेच विचारलं: आयमॅक्ससाठी एवढी भांडणं केलीस, तुझ्या घराजवळच्या थिएटरात मराठी सिनेमा संध्याकाळी सातला शेवटचा कधी लागला होता, सांग बघू. त्याने हसणारं इमोजी पाठवलं. भावजी मात्र सरसावले, ‘सरकारने सक्ती केली आहे ना!’ केली होती. एप्रिल २०१५मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा दाखवायला सांगितलं, तेव्हा आधी वेळ ठरली संध्याकाळी सहा ते नऊ. मल्टिप्लेक्सवाल्यांशी चर्चा झाल्यावर ती झाली दुपारी बारा ते रात्री नऊ. म्हणजे मंगळवारी दुपारी साडेबाराचा खेळ लावला तरी नियम पाळला गेला. नोकरी करणाऱ्या माणसाने तो रजा टाकून पाहायचा का, हे भावजींनी अजून सांगितलेलं नाही.