पाकिटासकट वजन

काल अख्खी दुपार मी 51 बाइटांच्या एका पॅकेटापुढे घालवली आणि खोट निघाली ती त्यातल्या एका बाइटात. रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे नेटवर्कवर कोणाला आत घ्यायचे हे ठरवणाऱ्या दारवानाकडे, 'गेस्ट' नावाच्या वापरकर्त्याची प्रवेश-विनंती पाठवणारा छोटासा प्रोग्राम मी लिहिला होता. विनंती जात होती, सर्व्हर मात्र हूं की चूं करत नव्हता. नकार कळवायला या प्रोटोकॉलमध्ये 3 हा स्वतंत्र कोड आहे. तोंडावर 'नाही' म्हणायची सोय असताना पॅकेट मुकाट्याने केरात टाकणे, हा निव्वळ माज झाला. त्यात सगळा कारभार यूडीपी या पाठवणीच्या पद्धतीवर, म्हणजे पोचपावतीचेही नाव नाही.

तेवढ्यात शेजारचे ज्येष्ठ सहकारी खुर्ची सरकवत आले.

"पासवर्ड बरोबर आहे ना?"

"अहो, गाडी पासवर्डपर्यंत पोहोचतच नाहीये."

"कॅप्स लॉक?"

"मी टाइप करत नाही, प्रोग्राम पाठवतोय."

"मग पासवर्ड बदलून बघा एकदा."

त्यांचे तोंड बंद व्हावे म्हणून मी पॅकेट उघडून दाखवले: आधी कोड, ओळख-क्रमांक, दोन बाइटांत एकूण लांबी आणि 16 बाइटांचा ऑथेंटिकेटर (पडताळणीसाठीचा आकडा), असे 20 बाइटांचे शीर्ष, त्यामागे एकेक ॲट्रिब्यूट, म्हणजे वापरकर्त्याचे नाव वगैरे माहितीचा तुकडा, ज्यात प्रकार, लांबी आणि मग मूल्य. त्यांनी स्क्रीनवर बोटाचा ठसा उमटवला.

"हा 5 कसला?"

"गेस्टची रोमन अक्षरे पाच, म्हणून."

"पण पाकिटाचं वजन पाकिटासकटच करतात ना?"

मी गप्प. लांबीत प्रकाराचा एक आणि खुद्द लांबीचा एक बाइट धरायचा असतो, म्हणून तिथे 7 हवे होते. मी 5 लिहिल्यामुळे सर्व्हरने जी, यू, ई एवढेच नाव मानले. उरलेला एस म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात 115, तो झाला पुढच्या ॲट्रिब्यूटचा प्रकार, आणि टी म्हणजे 116, ती झाली त्याची लांबी. 51 बाइटांच्या पॅकेटात 116 बाइटांचा पाहुणा! रेडियसच्या नियमपुस्तकात, आरएफसी 2865 मध्ये, हा नियम जून 2000 पासून स्वच्छ लिहिलेला आहे, त्यामुळे धड कोणावर चिडताही येत नाही. ईएपी या ओळख पटवण्याच्या दुसऱ्या प्रोटोकॉलचीही रीत तीच: यशाचे पॅकेट अवघे 4 बाइटांचे आणि त्याच्या लांबीच्या रकान्यातही 4. हे मला पाठ होते, हीच खरी बोच.

सहकारी उठून पलीकडच्या टेबलाशी गेले आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "काही नाही हो, पासवर्डचाच घोळ होता."