राज्यफुलाच्या कळ्या कचऱ्याच्या गाडीत

आज सकाळी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं ताम्हणाचं झाड बोडकं केलं. पावसाळ्याआधीची छाटणी म्हणे. महाराष्ट्र दिन तोंडावर आलाय, शेंड्याशेंड्याला कळ्या लगडल्या होत्या, आणि त्या सगळ्या फांद्या कचऱ्याच्या गाडीत. मी तशीच खाली धावले. करवत चालवणाऱ्या मुलाला म्हटलं, "अरे, आपलं राज्यफूल आहे हे!" तो बघतच राहिला. म्हणाला, "काकू, आम्हाला फांद्या मारा एवढंच सांगितलंय."

त्याच्यावर राग नाहीच माझा. राग आहे तो त्याला पाठवणाऱ्यांवर. ताम्हणाचे तुरे फांदीच्या टोकाला येतात, तेही एप्रिल-मे महिन्यांत. नेमके तेव्हाच शेंडे उडवले की त्या वर्षाचा बहर संपला. थंडीत पानं गळल्यावर नाही का करता येत हे काम? तारांना लागणाऱ्या फांद्या काढाव्या लागतात, मान्य. पण तारा एका बाजूला होत्या, झाड चहूबाजूंनी तासलंय!

आणि १ मे रोजी झेंडावंदनाला हेच सगळे फेटे बांधून उभे राहतील. राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण, शाळेत मुलांकडून घोकून घ्यायचं. २०२० मध्ये आपण पांढरी चिप्पीला, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीतल्या एका झाडाला, राज्याचं कांदळवृक्ष केलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य आपण. मला त्याचा खरंच अभिमान आहे. पण खाडीत राडारोडा टाकणारे हात थांबलेत का?

वडाचं तेच. राष्ट्रीय वृक्ष. त्याची फळं पिकली की कितीतरी पाखरं त्यावर जगतात. आपण रस्ता रुंद करताना आधी तोच आडवा करतो आणि वटपौर्णिमेला त्याच्या तोडलेल्या फांद्या विकत आणून पुजतो. शहरात जवळपास वड नसतो, बायकांनी जायचं कुठे, हेही खरं. पण का नसतो?

हिरोशिमात १९४५ च्या बॉम्बनंतर होरपळलेल्या जमिनीवर जी झाडं लवकर फुलली त्यात कण्हेर होती. आपल्या पूजेच्या परडीतली कण्हेर. १९७३ साली त्या शहराने तिला आपलं फूल मानलं. लोकांनी तिला फुलताना डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून ती त्यांची झाली. आमच्या कोपऱ्यावरच्या त्या मुलाने ताम्हण फुललेलं कधी पाहिलंच नसेल, तर त्याचा हात कशाला थांबेल?

गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. सावली देतात, माझं त्यांच्याशी वैर नाही. पण कोकणात ओढ्याकाठी आपसूक वाढणारं, जांभळ्या तुऱ्यांनी भरून जाणारं झाड आपल्या रस्त्यांवर शोधावं लागतं, याने जीव तुटतो.

जाताना त्या मुलाने गाडीतून एक कळ्यांची फांदी काढून माझ्या हातात दिली. "घरी न्या काकू," म्हणाला. तेव्हा मात्र मला बोलवेना.

असो. छाटणी थंडीत करा, असा अर्ज आज रात्री लिहितेय. उद्या सह्या हव्यात. आणि पाऊस लागला की मैदानाच्या कुंपणालगत ताम्हणाची रोपं लावू, जागा भरपूर आहे. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायची जबाबदारी कोण घेणार, त्यांनी आपलं नाव खाली लिहा. नुसते लाईकचे अंगठे नकोत.