थोरात चीफ झाले असते तर

ऑक्टोबर लागला की रंकाळ्याच्या कट्ट्यावर १९६२ चं चीन युद्ध निघतंच. यंदा काडी लावली वकिलानं. आल्या आल्या, उभ्या उभ्याच म्हणाला, "मराठी माणूस म्हणून डावलला! जनरल थोरात लष्कराचे चीफ झाले असते तर आज ल्हासात तिरंगा असता!"

"बस आधी," सुभेदार आबा म्हणाले. "ल्हासा हितनं दिसत न्हाई."

मास्तरांनी घसा खाकरला. "चीफ झाले ते थापर थोरातांना सिनिअर होते. ज्येष्ठतेनं नेमलं म्हणायला सरकार मोकळं."

"म्हणजे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन बरोबर? मास्तर, तुम्ही मेननचं वकीलपत्र घेतलंय?" मास्तरांनी एवढंही म्हटलं नव्हतं. पण वकिलाला आवाज चढवायला निमित्त पुरतं.

आबा थंडपणे शेंगा सोलत होते. "मराठी म्हणून न्हाई रे. नाव आधीचे चीफ थिमय्यांनी सुचवलं, तिथंच घोडं अडलं. १९५९ ला मेननला वैतागून थिमय्यांनी राजीनामा दिला, नेहरूंनी परत घ्यायला लावला. त्या माणसाची शिफारस मेननला गोड लागंल व्हय? आणि थोरात-थिमय्या दोघं ब्रह्मदेशात आराकानातले जोडीदार. दुसरं महायुद्ध, कांगॉची लढाई, जानेवारी १९४५. एका ब्रिगेडमधल्या तीन पलटणींवर तीन हिंदी अधिकारी. थोरात, थिमय्या, सेन. तिघांनाबी डीएसओ, इंग्रजांचं शौर्यपदक."

"तेच म्हणतोय! वाघ! नुसतं ओरडले असते तरी..."

"ओरडायचे न्हाईत ते. कोरियात काय केलं ठाऊक हाय?"

आम्हाला ठाऊक होतं, पण आबांकडून ऐकायचं म्हणून सगळे गप्प बसलो. १९५३ साल, कोरियाचं युद्ध नुकतंच थांबलेलं. मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांवर युद्धकैदी, आणि त्यांची राखण आपल्या फौजेकडे, थोरातांच्या हाताखाली. दक्षिण कोरियाचे सिंगमन ऱ्ही तर भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देईनात. जहाजावरून हेलिकॉप्टरनं उचलून न्यावं लागलं. त्यात चिनी कैद्यांनी आपला एक मेजर ओढून आत डांबला. काटेरी तारांच्या आत हजारो लोक बोंबलतायत, आणि थोरात नि:शस्त्र आत शिरले.

"आत गेल्यावर घेरलं की त्यांना," आबा म्हणाले. "तर हे काय म्हणाले असतील? घरी आलेल्या पाहुण्याला साधा चहा, सिगारेटबी विचारत न्हाई, हीच का तुमच्यातली रीत? कैदी ओशाळले. चहा आला, सिगारेटी आल्या, मेजरबी आला. त्याचं कीर्तिचक्र."

"चिन्यांनी सुद्धा चहा पाजला," मास्तर म्हणाले. "वकिलानं गेल्या दिवाळीपासून एकदाही नाही." वकील खिसा चाचपायला लागला, मग नेहमीप्रमाणे विषय बदलला. "हिमालयाच्या मदतीला शेवटी सह्याद्रीच धावला ना? यशवंतराव चव्हाणच!"

"गेले की, मेननच्या जागी. पण तवर पोरं मेलती," आबा म्हणाले आणि त्यांनी टरफलं हातात घेतली.

कट्ट्याच्या फरशीवर त्यांनी खाली एक टरफल ठेवलं. "हे तेजपूर." वीतभर वर दुसरं. "बोमडिला." मग सेला, मग तवांग. आबा स्वतः सेला ओलांडून गेलेत, बर्फात गाडी ढकलत. सगळ्यात वर, पार फरशीच्या कडेला, अर्धं टरफल. "हे नामका चू, सीमेजवळची नदी. इथवर रस्ता न्हाई. पोरगं पायी जाणार, शिधा विमानातनं पडणार, पडला तर दरीत. थोरात पूर्वेचे आर्मी कमांडर. ८ ऑक्टोबर १९५९ ला त्यांनी कागद पाठवला. म्हणाले, अगदी सीमेला चिकटून लढता येणार न्हाई. तिथं नुसती ठाणी ठेवा, मुख्य फळी मागं घ्या, आपला शिधा पोचंल तिथं. चिन्याला लांब येऊ दे, दमू दे. मार्च १९६० ला लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन तेच मांडून दाखवलं. मेनन म्हणाले, उगा घाबरवताय. मे १९६१ ला थोरात निवृत्त, थापर चीफ. आणि ऑक्टोबर १९६२ ला सुती कपड्यातली, कॅनव्हासच्या बुटातली ब्रिगेड ह्या अर्ध्या टरफलावर."

कुणी काही बोललं नाही. ते टरफल वाऱ्यानं हललं, आबांनी बोटानं दाबून धरलं.

मला थोरातांचा तो कागद त्यांच्या पदकांइतकाच मोलाचा वाटतो. वरच्यांना नको असलेला हिशेब, युद्धाच्या तीन वर्षं आधी, सही करून पाठवायचा. डावलल्यावरही तोंड कडू न करता गणवेश उतरवायचा आणि पुढं लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद तेवढ्याच इमानानं सांभाळायचं.

मास्तर मात्र सोडेनात. "पण आबा, थोरात असते तरी दिल्लीनं नामका चूच्या वरच्या थागला डोंगरावरून चिन्यांना हुसकायचा हुकूम काढलाच असता. एकटा चीफ काय करतो?"

"खरं हाय," आबा म्हणाले. "थापरांनी हुकूम लेखी मागितला. लेखी मिळाला, त्यांनी खाली धाडला. थोरात असते तर त्या खोलीत न्हाई म्हणणारा एक माणूस असता, एवढंच. जिंकलो असतो का, मला ठाऊक न्हाई."

"मी सांगतो, जिंकलो असतो!" वकील पुन्हा उभा. "मागं काय व्हायचं? मराठा पुढंच जातो! शिधाबिधा येतो मागनं!"

हे बोलायला नको होतं. कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेल्या बंड्यानं मान वर केली. "पन्हाळा ते पावनखिंड," तो शांतपणे म्हणाला. "आषाढ. डब्यांची गाडी मागं ठेवून 'पुढं चला, पुढं चला' कोण करत हुतं?"

"तेव्हा पाऊस होता!"

"अठरा जण. चिखलात उपाशी. आणि रात्री तुझ्या सॅकमधनं काय निघालं?"

"ती औषधाची पुडी होती..."

"चिवडा हुता!" मास्तर ओरडले. वीस वर्षं वर्गात आवाज न चढवलेला माणूस. "अर्धा किलो! पांघरुणात तोंड घालून खात होतास!"

आबा इतके हसले की हाताचा धक्का लागून तेजपूरपासून तवांगपर्यंतची सगळी टरफलं खाली पडली. वकील अजून सांगतच होता की पाव किलोच होता.